घर, हिरवळ आणि फाटक : ‘द लेव्हिटाउनर्स’ कसं वाचायचं?

उपनगर, वसाहत, सोसायटी, शेजार यांपैकी कुठल्याही विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतलात की एक पुस्तक तुमच्यासमोर येणारच : हर्बर्ट गॅन्स यांचं ‘द लेव्हिटाउनर्स’, प्रकाशन १९६७. मार्गदर्शक सुचवतात, वाचनयाद्यांमध्ये असतं, आणि पूर्वसाहित्याच्या आढाव्यात त्याला हमखास एक वाक्य मिळतं : ‘उपनगरात राहायला गेल्याने माणसं फारशी बदलत नाहीत, असं गॅन्स यांनी दाखवून दिलं.’ पुढे कंसात वर्ष, आणि आपण पुढच्या पुस्तकाकडे.

हे वाक्य चुकीचं नाही. पण तेवढ्यावर थांबलात तर पुस्तकाची खरी ताकद तुमच्या हाती लागत नाही, आणि त्यातली खरी अडचणही कळत नाही. म्हणून या पोस्टमध्ये तीन गोष्टी करू या. पुस्तक कशाला उत्तर देत होतं ते पाहू, त्याची पद्धत कुठे पक्की आहे ते पाहू, आणि मग ते कुठे घसरतं ते. शेवटी आपल्याकडच्या ‘उपनगरा’बद्दल थोडंसं, कारण तिथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो.

आधी घर समजून घ्या

लेव्हिटाउन ही एकच जागा नाही. लेव्हिट अँड सन्स या बांधकाम कंपनीने अशा अनेक मोठ्या वसाहती उभ्या केल्या. पहिली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी. तिथे १९४७ मध्ये काम सुरू झालं आणि १९५१ पर्यंत १७,४४७ घरं झाली. दुसरी पेनसिल्व्हेनियात, १९५२ पासून. तिसरी न्यू जर्सीतल्या विलिंगबरो इथे, १९५८ पासून. गॅन्स यांनी अभ्यास केला तो या तिसरीचा. लेखात ‘लेव्हिटाउन’ म्हणताना कुठलं ते लिहा. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

लाँग आयलंडवरचं सुरुवातीचं घर साधारण ७५० चौरस फुटांचं. खाली तळघर नाही, थेट काँक्रीटच्या लादीवर उभं. दोन झोपायच्या खोल्या, वर अर्धवट सोडलेला माळा : पैसे आणि मुलं वाढली की तुम्हीच पुरा करा. जमीन ६० बाय १०० फूट. घर बांधण्याचं काम २७ टप्प्यांत वाटलेलं. कारखान्यात वस्तू सरकते आणि कामगार जागेवर असतो, इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या एका घरावरून दुसऱ्या घरावर. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज मिळायचं, त्यामुळे हाताशी फारसे पैसे नसलेल्या तरुण जोडप्यालाही स्वतःचं घर घेता यायचं. सोबत नियमही आले : हिरवळ कापलेली हवी, कुंपण घालायचं नाही, कपडे वाळत घालायचे तेही ठरावीक प्रकारच्या दांडीवर.

हे तपशील मी मुद्दाम देतोय. वसाहतीबद्दल लिहिताना आपण फार लवकर ‘ओळख’, ‘अवकाश’, ‘सामाजिक भांडवल’ अशा शब्दांवर उडी मारतो. आधी घर किती फुटांचं, कर्ज कोणाच्या हमीवर, कुंपण का नाही, हे लिहा. पुढचे निम्मे प्रश्न तिथूनच निघतात.

पुस्तक कोणाशी भांडत होतं?

१९५० च्या दशकात अमेरिकेत उपनगरांवर टीका करायची जणू लाटच आली होती. जॉन कीट्स यांचं ‘द क्रॅक इन द पिक्चर विंडो’ १९५६ मध्ये आलं. त्याच वर्षी विल्यम व्हाइट यांचं ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ आलं, ज्यात शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टचा मोठा भाग आहे. लुईस ममफर्ड यांनी १९६१ च्या ‘द सिटी इन हिस्टरी’मध्ये उपनगरांचा चांगलाच समाचार घेतला. या लेखकांचे मुद्दे एकसारखे नाहीत, पण वाचकांच्या मनात त्यांचा मिळून एक अर्क उतरला : एकसारखी घरं, म्हणून एकसारखी माणसं. सगळे कंटाळलेले, सगळे एकमेकांची नक्कल करणारे.

गॅन्स यांचा प्रश्न साधा होता. हे तुम्हाला कसं कळलं? मोटारीतून जाताना घरं एकसारखी दिसतात हे खरं. पण आतली माणसं तशीच आहेत हे कोणी तपासलं? म्हणून ते स्वतः तिथे घर घेऊन राहायला गेले. ऑक्टोबर १९५८ मध्ये, वसाहत लोकांसाठी खुली झाली तेव्हाच, आणि साधारण दोन वर्षं राहिले. याआधी त्यांनी बॉस्टनच्या वेस्ट एंड भागात असंच राहून काम केलं होतं. ते ‘द अर्बन व्हिलेजर्स’ या नावाने १९६२ मध्ये आलं. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचा. एकात पाडली जाणारी वस्ती आहे, दुसऱ्यात उभी राहणारी.

पद्धत कुठे पक्की आहे

पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. समजा एखादं कुटुंब शहरातल्या भाड्याच्या घरातून उपनगरात आलं आणि आता त्यांच्याकडे जास्त पाहुणे येतात. हा बदल उपनगरामुळे झाला? की स्वतःचं घर झालं म्हणून? की सगळेच नवखे होते म्हणून? की मूल झालं, म्हणून? आपल्यापैकी बहुतेक जण ‘स्थलांतरानंतर सामाजिक संबंध वाढले’ असं लिहून मोकळे होतो.

गॅन्स तसं करत नाहीत. राहायला येण्याआधी लोकांना काय हवं होतं, इथे येऊन काय बदलेल असं त्यांना वाटत होतं, याची चौकशी ते करतात. मग येऊन काही काळ झाल्यावर काय बदललं ते बघतात. आणि दोन्ही शेजारी ठेवतात. निघतं असं, की बदल झाले ते बरेचसे लोकांनी आधीच ठरवलेले होते. मोठं घर हवं होतं, मिळालं. मुलांना अंगण हवं होतं, मिळालं. म्हणजे उपनगराने माणसं घडवली असं म्हणण्यापेक्षा माणसं आपल्याला हवं ते करायला उपनगरात आली, असं म्हणणं जास्त बरोबर. एका साध्या आराखड्याने केवढा मोठा दावा खाली बसवला बघा! तुमच्या प्रश्नावलीत ‘येण्याआधी काय वाटत होतं?’ हा प्रश्न नसेल तर आजच घाला. मात्र तो लोक आल्यानंतर पाच वर्षांनी विचारलात तर उत्तरात आठवण बोलेल, अपेक्षा नाही.

दुसरा मुद्दा शेजाराचा. घरं जवळ असली की मैत्री होते, असं नियोजनकारांना वाटायचं. गॅन्स दाखवतात की सुरुवातीला जवळीक कामाला येते, विशेषतः लहान मुलं असतील तर. पण मैत्री टिकते ती आवडीनिवडी, मुलं वाढवण्याच्या कल्पना, शिक्षण जुळलं तरच. बाकी शेजाऱ्यांशी नमस्कार-चमत्कार आणि अडीनडीला मदत. हे वाचून तुम्हाला आपल्याच बिल्डिंगमधला मजला आठवेल, आणि तसं झालं तर चांगलंच आहे.

तिसरा मुद्दा : विरोधी पुरावा ते लपवत नाहीत. एकूण सूर ‘लोक इथे समाधानी आहेत’ असा असला तरी किशोरवयीन मुलं समाधानी नव्हती, हे ते स्पष्ट लिहितात. वसाहत आखली होती ती लहान मुलांच्या पालकांसाठी. सोळा वर्षांच्या मुलाला मित्र बोलवायला खोली अपुरी आणि जायला जवळपास ठिकाण नाही. काही स्त्रियांचं एकटेपण, जुन्या नातेवाइकांपासून तुटणं, हेही पुस्तकात आहे. ‘लोक सुखी’ आणि ‘लोक दुःखी’ या दोन टोकांऐवजी ‘कोण सुखी आणि कोणत्या कारणाने’ असा प्रश्न केला की लिखाण लगेच नेमकं होतं.

आता अडचण

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला वसाहत कशी जन्मली याचा, दुसरा तिथल्या जगण्याच्या दर्जाचा, तिसरा स्थानिक राजकारणाचा. आता शोधा : कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं नाकारली जात होती, ही गोष्ट मुख्यतः कुठे येते? तिसऱ्या भागात. स्थानिक निर्णय कसे होतात याचं एक उदाहरण म्हणून.

हे नुसतं अनुक्रमणिकेचं दुखणं नाही. दुसऱ्या भागात ‘लेव्हिटाउनर’ समाधानी आहेत का, त्यांची मैत्री कशी होते, विविधता किती, हे सगळं मोजलं जातं. पण हे ‘लेव्हिटाउनर’ कोण हे आधीच ठरलं होतं, विक्रीच्या टेबलावर. फाटकातून ज्यांना आत येऊ दिलं नाही ते नमुन्यातच नाहीत. म्हणून दुसऱ्या भागातलं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात पुरं करून वाचावं लागतं : ‘इथे लोक आपल्याला हवं ते मिळवू शकले’ – ज्यांना घर विकलं गेलं ते. गॅन्स यांचा सगळ्यात सुंदर निष्कर्षच इथे अडकतो. बदल लोकांच्या इच्छेने झाले असं म्हणताना, इच्छा असूनही ज्यांना येता आलं नाही त्यांच्या इच्छेचं काय, हा प्रश्न त्या भागातल्या मोजमापात बसत नाही.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, अहो, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आजची फूटपट्टी कशाला लावता? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. उत्तर असं की फूटपट्टी आजची नाहीच. लाँग आयलंडच्या सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज इतरांनी (घरकाम करणारे नोकर सोडून) घर वापरायचं नाही असं कलमच होतं. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला होता. ऑगस्ट १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहायला आलं, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगड मारले गेले. ही देशभर गाजलेली बातमी होती, गॅन्स राहायला जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची. आणि खुद्द न्यू जर्सीत सरकारी साहाय्य मिळालेल्या घरबांधणीत वंशभेदाला कायद्याने मनाई होती. कंपनी त्याविरुद्ध लढली आणि १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. गॅन्स तिथे राहत असतानाच हे घडत होतं.

गॅन्स यांची भूमिका भेदाच्या बाजूने नव्हती, हेही तितकंच ठामपणे लिहायला हवं. उपनगरं गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना खुली व्हावीत असं ते पुस्तकात म्हणतात. म्हणजे लेखकाचं मत योग्य, तरी पुस्तकाची रचना अपुरी. टीका करताना हा फरक सांभाळा. ‘गॅन्स यांनी वंशभेदाकडे दुर्लक्ष केलं’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल, आणि पुस्तक वाचलेला परीक्षक तिथेच तुम्हाला पकडेल. ‘गॅन्स यांनी प्रवेशाचा प्रश्न राजकारणाच्या प्रकरणात ठेवला, जगण्याच्या दर्जाच्या मोजमापात आणला नाही’ हे वाक्य टिकेल.

दोन वर्षांनंतरचं घर

दुसरी मर्यादा वेळेची. दोन वर्षं म्हणजे फील्डवर्कसाठी भरपूर, पण घराच्या आयुष्यात काहीच नाही. बार्बरा केली यांचं १९९३ चं ‘एक्स्पांडिंग द अमेरिकन ड्रीम’ हे लाँग आयलंडच्या घरांबद्दलचं पुस्तक इथे उपयोगी पडतं. लोकांनी माळे पुरे केले, खोल्या काढल्या, पुढची बाजू बदलली. एकसारखी म्हणून हिणवलेली घरं काही वर्षांत ओळखू न येण्याइतकी वेगळी झाली. हे गॅन्स यांच्या बाजूने जातं.

पण विलिंगबरोमध्ये पुढे जे झालं ते त्यांच्या चौकटीत सहज बसत नाही. वसाहत खुली झाल्यावर कृष्णवर्णीय कुटुंबं येऊ लागली, आणि काही गोरी कुटुंबं घाबरून घरं विकून जातील अशी भीती पसरली. १९७४ मध्ये तिथल्या प्रशासनाने घरासमोर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावायलाच बंदी घातली. पाट्या दिसल्या नाहीत तर घबराट पसरणार नाही, असा हिशेब. एकोपा टिकावा हा हेतू. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द झाली.

हिरवळीवरची एक लाकडी पाटी! पण तिच्यात घराची किंमत, शेजाऱ्याची भीती, वंश आणि कायदा हे सगळं आलं. गॅन्स यांनी जगण्याचा दर्जा आणि राजकारण असे वेगवेगळे भाग केले होते. या पाटीचं प्रकरण तुम्ही त्यांपैकी कुठल्या भागात घालाल? मला तरी ते कुठल्याच एका भागात घालता येत नाही. शेजाऱ्याशी संबंध कसे आहेत आणि गावात सत्ता कोणाची आहे, हे दोन प्रश्न एकाच अंगणात उभे आहेत.

तिसरी मर्यादा थोडक्यात सांगतो. कीट्स-ममफर्ड यांच्या नाकं मुरडण्याला उत्तर देण्यात गॅन्स इतके गुंततात की वाद अभिरुचीचा होऊन बसतो. सामान्य माणसाच्या आवडीला तुम्ही नावं ठेवणारे कोण? मुद्दा बिनतोड आहे. पण घर कोणाच्या कर्जाने, रस्ते कोणाच्या पैशाने, शहरातल्या कोणत्या वस्त्यांना तेच कर्ज नाकारून, हे प्रश्न बाजूला राहतात. त्यासाठी केनेथ जॅक्सन यांचं १९८५ चं ‘क्रॅबग्रास फ्रंटियर’ वाचा. सरकारी गृहकर्ज-हमीने उपनगरं कशी घडवली ते तिथे सविस्तर आहे.

आपल्याकडे ‘उपनगर’ म्हणजे काय?

आता आपल्या कामाचं. तुम्ही दादर, मुलुंड, डोंबिवलीवर काम करणार असाल, तर ‘सबर्ब’ला ‘उपनगर’ हा प्रतिशब्द टाकून गॅन्स यांचे निष्कर्ष तसेच उचलू नका. शब्द एक, घर वेगळं.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांमधून दादर-माटुंगा उभं राहिलं. निखिल राव यांचं २०१३ चं ‘हाउस, बट नो गार्डन’ हे पुस्तक याच प्रदेशाबद्दल आहे, आणि नावातच मुद्दा आहे : घर आहे, बाग नाही. इथलं उपनगर बंगल्यांचं झालं नाही, फ्लॅटच्या इमारतींचं झालं. स्वयंपाकघर-संडास आत असलेला स्वतंत्र ब्लॉक, आणि पुढे सहकारी सोसायटी. लेव्हिटाउनचं कुंपण नसलेलं अंगण आणि आपला सामाईक जिना ही दोन वेगळी सामाजिक यंत्रं आहेत. अंगणात मुलं खेळतात म्हणून आया बोलतात, जिन्यात पाणी येत नाही म्हणून सगळे बोलतात. आणि सरकारी कागदांवर तर उपनगर हा शब्द एका अख्ख्या जिल्ह्याचं नाव आहे, १९९० पासून.

पण एक गोष्ट मात्र दोन्हीकडे लागू आहे : फाटक. आपल्याकडे सोसायट्यांची सुरुवातच अनेकदा एका ज्ञातीच्या, समाजाच्या आधाराने झाली. सभासद कोणाला करायचं हे पोटनियमांत असतं. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. न्यायालयाने तो संघटनेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मानला. अमेरिकेतल्या १९४८ च्या आणि आपल्या २००५ च्या निकालांमध्ये कायद्याचे मुद्दे वेगळे आहेत, सरळ तुलना करू नका. पण संशोधक म्हणून प्रश्न तोच राहतो. ‘आमच्या सोसायटीत कसं सगळे एका घरासारखे राहतात’ असं तुमच्या मुलाखतीत कोणी म्हणालं, की ‘सगळे’ कोण आणि ते कसे ठरले, हे विचारल्याशिवाय वही मिटू नका.

कामाला लागताना

वसाहतीवरचं कुठलंही पुस्तक वाचताना समासात हे चार प्रश्न लिहून ठेवा.

१. इथे राहायला येणारे कोणी निवडले? लेखक हे पहिल्या प्रकरणात सांगतो की शेवटी?

२. बदल जागेमुळे झाला की आधीच्या इच्छेमुळे? हे वेगळं करायला आराखड्यात काय आहे?

३. लेखक किती काळ होता, आणि त्या काळात न दिसणारं काय असू शकतं? जे सोडून गेले त्यांना कोणी भेटलं का?

४. लेखक कोणाशी भांडतोय? त्या भांडणामुळे कुठला प्रश्न बाजूला पडला?

‘द लेव्हिटाउनर्स’ उघडताना एक सुचवतो : शेवटचं पद्धतीवरचं परिशिष्ट आधी वाचा. शेजारी आणि निरीक्षक अशा दोन भूमिका एकाच माणसाने कशा निभावायच्या, हे तिथे आहे. हा गृहस्थ अभ्यास करतोय हे शेजाऱ्यांना ठाऊक असलं, तरी हिरवळ कापता कापता गप्पा मारताना ते किती लक्षात राहत असेल, याचा विचार करा. तुम्ही स्वतःच्याच सोसायटीत फील्डवर्क करणार असाल तर हा प्रश्न तुमच्या नैतिकता समितीच्या अर्जात येणारच आहे.

त्यानंतर दुसरा भाग वाचा, तिसऱ्या भागातलं वंशभेदाचं प्रकरण शेजारी उघडं ठेवून. आणि मग स्वतःच्या सिनॉप्सिसची अनुक्रमणिका काढा. सभासदत्व, भाडेकरूंची परवानगी, ‘आमच्याकडे अमुक लोकांना घर देत नाही’ हे सगळं तुम्ही कुठल्या प्रकरणात ठेवलंय? पाचव्यात असेल तर ते पहिल्यात आणून बघा. पुढच्या प्रकरणांमधली किती वाक्यं बदलावी लागतात, ते मोजा.